चोपडीत न लिहिलेली शिंगरे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की ज्या राजाच्या पागेत ती घडली, त्याचे नाव आज कोणालाही सांगता येत नाही. घोड्यांची नावे तेवढी टिकली आहेत. लहानांनी ती गोष्ट म्हणून ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकताना जरा स्वतःकडे बघावे.

एका मोठ्या नदीच्या अलीकडे एक राज्य होते आणि पलीकडे दुसरे. दोघांत वैर नव्हते, पण फारसे सख्यही नव्हते. दर दसऱ्याला नदीकाठच्या माळावर दोन्हीकडचे घोडे शर्यतीला उतरत. जो राजा जिंके त्याचे निशाण वर्षभर त्या माळावर फडके. त्या एवढ्याशा फडक्यापायी दोन्ही राजांना वर्षभर अन्न गोड लागत नसे. राजेच ते, त्यांना दुसरी काळजी ती कसली!

अलीकडच्या राजाच्या पागेत एक पागनीस होता. पागनीस म्हणजे पागेचा लेखक. कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवली, तिला काय झाले, शिंगराचा रंग कोणता, अंगावर केसांचे भोवरे कुठे, मोठेपणी ते किती शर्यती जिंकले, हे सगळे एका जाड चोपडीत लिहून ठेवणे हे त्याचे काम. आधी त्याचा बाप हेच करी, त्याच्याआधी आजा. तीन माणसांच्या अक्षरांत घोड्यांच्या नऊ पिढ्या त्या चोपडीत नांदत होत्या.

दसऱ्याला शस्त्रांची पूजा होई, घोड्यांची होई आणि घोड्यांबरोबर या चोपडीचीही होई. तिला हळदकुंकू लागे, तिच्यावर आपट्याची पाने पडत. आता जी चोपडी देवापुढे मांडायची, तिच्यात मढे कसे लिहायचे? म्हणून आजाच्या काळापासून एक रीत पडली होती. शिंगरू मेलेले जन्मले, किंवा जन्मून घटकाभरात गेले, तर ते लिहायचे नाही. त्याच्या जागी लिहायचे, ‘घोडी या साली रिकामी राहिली.’ झाकली मूठ सव्वा लाखाची. चोपडी स्वच्छ राही आणि राजाही खूश राही.

पागनिसाला मूलबाळ नव्हते. पण पागेतली एक घोडी व्याली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली, तेव्हा ते लांब पायांचे पोर त्याने घरी आणले. त्याच्या बायकोने त्याला शेळीच्या दुधावर वाढवले, स्वतःच्या पदराने पुसले आणि पाकोळी असे त्याचे नाव ठेवले. पाकोळी परसात हुंदडे, चुलीपाशी तोंड घाले आणि बायको दळायला बसली की तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राही. पुढे बायको तापाने गेली. मग त्या घरात माणूस एक आणि घोडी एक, एवढेच उरले. पागेत ठाण असूनही पाकोळी संध्याकाळी घराकडे ओढ घेई. पागनीसही तिला अडवत नसे, कारण रिकाम्या घरात एकटे जाणे त्यालाही नको वाटे.

लागोपाठ दोन दसरे राजा हरला. दुसऱ्या हारीनंतर तिसऱ्या दिवशी त्याने पागनिसाला बोलावले.

“पागनीस, तुमच्याकडं नऊ पिढ्यांचं लिहिलेलं आहे ना? मग ते नुसतं पूजेला का ठेवायचं? शोधून काढा. कोणत्या रक्तातून जिंकणारा घोडा निघतो ते मला सांगा.”

पागनिसाच्या अंगावर मूठभर मांस चढले. आजवर चोपडीला फुले वाहिली होती सगळ्यांनी, पण ती वाचायला कोणी सांगितले नव्हते. तो चाळीस दिवस बसला. जमीन सारवून तिच्यावर खडूने घोड्यांची कुळे मांडली. जिंकलेल्या प्रत्येक घोड्याचा बाप, आई, आजे, आज्या, पणजे शोधले. खडूने बोटे पांढरी झाली, डोळे लाल झाले, आणि चाळिसाव्या दिवशी त्याला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली अशी. आजाच्या काळात सोसाटा नावाचा एक घोडा होऊन गेला होता. आजवर जिंकलेल्या एकवीस घोड्यांपैकी एकोणीस घोड्यांच्या अंगात सोसाट्याचे रक्त होते, आणि तेही दोन्हीकडून, बापाकडूनही आणि आईकडूनही.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची होती. या विजेत्यांच्या आया मधूनमधून एखाद्या साली रिकाम्या राहिलेल्या होत्या. पागनिसाला वाटले, हेच मर्म! घोडीला एक साल विसावा मिळतो, रक्त दाट होते, आणि पुढचे शिंगरू वाऱ्यासारखे निघते.

त्या रिकाम्या सालांपैकी चार त्याच्या स्वतःच्या अक्षरात होती. ती रिकामी नव्हती, हे त्याच्याइतके कोणाला माहीत होते? त्या चार ओळींवर त्याचे बोट थांबले. मग पुढे सरकले. पंचवीस वर्षांत चार म्हणजे काय, असे त्याने मनाला समजावले. तेवढे अपघात कोणत्या पागेत होत नाहीत? आणि बापाच्या, आजाच्या वेळच्या घोड्या तर खरोखरच रिकाम्या राहिल्या असणार. बाप कशाला खोटे लिहील?

पाहा गंमत. स्वतः खोटे लिहिणाऱ्याला बाप खरेच लिहीत होता याची खात्री होती.

राजाने सल्ला ऐकला आणि मांडी ठोकली. “खाण तशी माती! ठरलं तर मग.” सोसाट्याचा पणतू वणवा त्या वेळी ऐन भरात होता. सोसाट्याच्याच कुळातल्या निवडक तेरा घोड्या चैत्रात वणव्याला दाखवायच्या, असा हुकूम निघाला. यादी पागनिसाने केली. राजाकडे गेली तेव्हा तिच्यात बारा नावे होती. तेरावे नाव पाकोळीचे होते आणि ती अजून कोवळी आहे, असा शेरा मारून त्याने ते खोडले होते. ती तीन वर्षांची होती. यादीत तिच्याच वयाच्या आणखी दोन घोड्या होत्या.

पुढच्या फाल्गुनात घोड्या व्यायला लागल्या. नऊ शिंगरे अशी देखणी निघाली की घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार त्यांना दृष्ट लागू नये म्हणून काजळाची बोटे ओढत होते. उरलेली तीन मात्र वेगळी होती. त्यांचे पुढचे पाय गुडघ्यांत मुडपलेले होते आणि काही केल्या सरळ होत नव्हते. ती उभी राहिली नाहीत, दूध प्याली नाहीत, आणि सूर्य मावळायच्या आत गेली.

पागेत घोड्यांचे बाळंतपण करणारी एक म्हातारी होती. तिला सगळे गोजाई म्हणत. तिची आई आणि आजीही हेच काम करीत आल्या होत्या. तिसरे शिंगरू पुरून आल्यावर गोजाई हात धुऊन पागनिसाकडे आली.

“पागनीसबाबा, जरा माज्यासंगं या.”

ती त्याला पागेच्या मागे, ओढ्याच्या अंगाला घेऊन गेली. तिथे बाभळीखाली गवतात दगडांच्या रांगा होत्या. आजवर तो शेकडो वेळा त्या वाटेने गेला होता, पण खाली पाहिले नव्हते.

“हा कसला पसारा?” त्याने विचारले.

“पसारा न्हवं. एकेका शिंगराचा एकेक दगड. माज्या आजीनं सुरू केलं, मग आईनं, आता मी. एकोणतीस हाईत.” ती एकेका दगडावर बोट ठेवत घडाघडा सांगू लागली. हे हिचे, त्या घोड्यापासूनचे. हे तिचे, या घोड्यापासूनचे. “सगळ्यांचं पाय असंच मुडपल्यालं. आन समदी दोन्हीकडनं सोसाट्याची. येका बाजूनं सोसाटा असला तर काय व्हत न्हाई. दोन्हीकडनं आला की चारातलं एखादं असं निघतंय.”

पागनिसाने एकोणतिसातून यंदाची तीन वजा केली, त्याची स्वतःची चार वजा केली. उरली बावीस. ती बापाची आणि आजाची होती. ती चोपडीत कुठे होती तेही त्याला ठाऊक होते, कारण चाळीस दिवस त्याने तीच तर मोजली होती.

माणूस हरला की रागावतो. तोही रागावला. “गोजाई, तुला लिहिता येत नाही म्हणून तू दगड मांडत बसलीस. नऊ पिढ्यांचा लेखी दाखला खोटा आणि तुझे दगड खरे?”

“लिव्हता येतंय त्यांनी लिव्हलं असतं, तर मला दगुड कशाला मांडावं लागलं असतं?” म्हातारी म्हणाली. “आन येवढा भरवसा हाय चोपडीवर, तर पाकोळीला का मागं ठिवली?”

तो तसाच परत फिरला.

सकाळी जाऊन राजाला सगळे सांगायचे, असे त्याने घरी पोचेपर्यंत ठरवले होते. पण सकाळी राजाच पागेत आला. नऊ शिंगरे आवारात उधळत होती. राजा लहान मुलासारखा हसला आणि आपल्या खांद्यावरचा शेला काढून त्याने पागनिसाच्या खांद्यावर घातला. सांगायचे म्हणजे आधी आपण चार वेळा खोटे लिहिले हे सांगायचे, मग बापाचे सांगायचे, मग आजाचे. तीन पिढ्यांची अब्रू एका सकाळीत धुळीला मिळवायची. शेला खांद्यावर असताना ते त्याच्याने झाले नाही.

त्या दिवशी त्याने चोपडी उघडली आणि तीन घोड्यांपुढे लिहिले, ‘या साली रिकामी राहिली.’ या खेपेपुरते, असे तो मनात म्हणाला.

पुढचे चैत्र आले तसे गेले. वणव्याला घोड्या दाखवल्या गेल्या, कधी तीन दगड वाढले, कधी पाच. पाकोळी दर वर्षी यादीतून सुटत राहिली. एका साली तिचा खूर दुखत होता, एका साली तिला खोकला होता. यादीतल्या बाकीच्या घोड्यांना मात्र काही दुखत नव्हते.

आणि मग तो दसरा आला. पहिल्या नऊ शिंगरांपैकी एक घोडा माळावर असा धावला की पलीकडचा घोडा दिसेनासा झाला. निशाण बदलले. नगारे वाजले. पलीकडचा राजा मनाने मोठा होता, की नुसता हुशार होता, कोण जाणे. पण त्याने हार मानून एक मागणी केली. “तुमच्या चोपडीची नक्कल आम्हाला द्या आणि वणव्याच्या रक्ताचा एक घोडा द्या. सोसाट्याच्या कुळातल्या लेकी आमच्याकडंही लग्नात आंदण आलेल्या आहेतच.” जिंकलेल्या माणसाचा हात सढळ असतो. राजाने दोन्ही दिले. पाच लेखक बसून चोपडी उतरवू लागले आणि प्रत्येक ‘रिकामी’ त्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली.

भरल्या दरबारात पागनिसाला सोन्याचे कडे मिळाले. तेव्हा एक सरदार सहज म्हणाला, “महाराज, पागनिसांची स्वतःची पाकोळी तेवढी आजवर वणव्याला दाखवली गेली नाही म्हणे. तिच्यातही दोन्हीकडून सोसाटाच आहे की!”

राजाचे हसू विरले. “खरं का हे?”

पागनीस नवे कडे मनगटावर फिरवू लागला.

“कागदी घोडे नाचवणं सोपं असतं, पागनीस,” राजा हळू आवाजात म्हणाला. “आमच्या बारा घोड्यांना जे चालतं, ते तुमच्या एकीला का चालू नये? तुमच्या लिहिण्यावर तुमचाच विश्वास नसेल, तर तसं आत्ता सांगा.”

सांगायची वेळ हीच होती. अख्खा दरबार ऐकत होता, विचारणारा राजा समोर होता. एका ‘नाही’ने पाकोळी वाचली असती आणि पुढची कित्येक शिंगरेही वाचली असती. पागनिसाने हातातल्या कड्याकडे पाहिले आणि म्हणाला, “विश्वास आहे, महाराज. या चैत्रात दाखवतो.”

चैत्रात त्याने स्वतः पाकोळीचा लगाम धरला. ती त्याच्यावर विसंबून चालत गेली.

अकरा महिने तो माणसांत नव्हता. सकाळी उठला की तिच्या पोटावर हात ठेवी आणि आतली हालचाल चाचपी. गोजाईने आता त्याच्याशी बोलणे सोडले होते, पण एकदा त्याची दशा बघून तिला राहवले नाही. “चारातली तीन चांगलीच निघत्यात, बाबा. उगा आदीच मरू नगा.” त्या एका वाक्यावर तो उरलेले महिने तगला. चारातली तीन. त्याने नवस बोलले, सोमवार धरले, पाकोळीला गूळ भरवला आणि तिच्या कानाशी लागून तिची माफीही मागितली. तिला काय कळणार! तिने त्याचा खिसा हुंगून आणखी गूळ शोधला.

फाल्गुनात एके दिवशी ऐन दुपारी पाकोळी अडली.

उन्हात शेवग्याखाली ती आडवी पडली होती, घामाने काळी झाली होती. गोजाईने कोपरापर्यंत हात घातला आणि तिचा चेहरा पडला. ती एवढेच म्हणाली, “पाय उघडत न्हाईत. आतच कात्री लागलीय. दोर आणा.”

चार मोतद्दारांनी दोर ओढला. पागनिसानेही ओढला आणि मग त्याला तो ओढवेना. तो पाकोळीच्या डोक्याशी जाऊन बसला, तिचे डोके मांडीवर घेतले. ती वेदनेने किंचाळत नव्हती, फक्त त्याच्याकडे पाहत होती. लहानपणी पायात काटा मोडला की ती अशीच पाही, आणि तो काढून दिला की सगळे ठीक होई. आता तसे काहीच त्याच्या हातात नव्हते. आपणच हिला इथवर आणले, आणि का आणले तर चार लोकांत तोंड उघडायची लाज वाटली म्हणून, हे त्याला स्वच्छ दिसत होते, आणि त्याने मोठ्याने गळा काढला. मोतद्दारांनी माना फिरवल्या.

शिंगरू निघाले ते मेलेलेच. मादी होती, आईसारखीच. ऊन कलेपर्यंत पाकोळीही गेली.

त्याच संध्याकाळी पागनिसाने चोपडी उघडली आणि जे झाले ते लिहिले. पाकोळी, वणव्यापासून, मादी शिंगरू, पाय मुडपलेले, आई आणि शिंगरू दोन्ही गेली. मग तो थांबला नाही. गोजाईला समोर बसवून तिने सांगितलेला एकेक दगड त्याने योग्य त्या पानावर, योग्य त्या घोडीपुढे लिहिला. स्वतःचे लिहिले, बापाचे लिहिले, आजाचे लिहिले. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चोपडी पहिल्यांदा पूर्ण झाली, आणि तो ती घेऊन राजापुढे गेला.

राजाने दोन पाने वाचली. तिसरे उलटले नाही.

“ही पूजेची चोपडी आहे. देवापुढं मांडायची. तुम्ही हिचं स्मशान केलंत.”

“महाराज, हेच खरं आहे. वणवा सोसाट्याच्या लेकींना दाखवू नका. रक्त बदला. अजून वेळ आहे.”

“शर्यत आपण जिंकलो की हरलो?”

“जिंकलो, महाराज.”

“मग कुणाचं ऐकू? माळावर फडकणाऱ्या निशाणाचं, की घोडी मेल्याच्या दुःखानं डोकं फिरलेल्या म्हाताऱ्याचं?”

चोपडीतली ती पाने काढून जाळण्यात आली. पागनिसाची नेमणूक गेली. बाभळीखालची जमीनही राजाने नांगरून घेतली. गोजाई त्या दिवसापासून पागेत आली नाही.

पागनीस रडत घरात पडून राहिला असता. पण त्याला आठवले की चोपडीची नक्कल पलीकडे गेली आहे. पाच लेखकांनी सुबक अक्षरात उतरवलेले त्याचे खोटे तिथे एव्हाना कामाला लागले असेल. तो उठला, होडीत बसला आणि नदी ओलांडली.

पलीकडच्या पागेचा पागनीस तरुण होता, नम्र होता. नाव कळताच त्याने वाकून नमस्कार केला. “आजोबा, तुमच्या चोपडीनं आम्हाला डोळे दिले. बघा, वीस घोड्या गाभण आहेत. चैत्रात व्यायला लागतील.” ठाणांवर वीस घोड्या ओळीने उभ्या होत्या. पोटे जमिनीकडे झुकलेली, माना शांत.

“चोपडी खोटी आहे,” म्हातारा म्हणाला. “रिकाम्या साली घोड्या रिकाम्या नव्हत्या. मीच लिहिलंय, मला ठाऊक आहे. या खेपेचं आता काही होणार नाही, पण यापुढं तरी हे रक्त एकत्र आणू नका.”

तरुण गोंधळला. तो त्याला राजाकडे घेऊन गेला. तिथेच घोडे पेंड खाणार होते. पलीकडच्या राजाने सगळे शांतपणे ऐकले आणि मंद हसला.

“आम्ही हरलो तेव्हा तुमचा कोणी माणूस आला नाही. आम्ही जिंकायची तयारी करतो आहोत, तर तुम्ही सांगायला आलात की जिंकणारी पैदास करू नका. तुमच्या राजाला म्हणावं, असल्या युक्त्या आम्हालाही येतात.” मग त्याने चोपडीची नक्कल मागवली आणि म्हाताऱ्यापुढे धरली. “आणि हे पाहा. इथं लिहिलंय, घोडी रिकामी राहिली. तुमच्याच चोपडीतून उतरवलेलं. माणूस भीतीनं काहीही बोलेल, पण तीन पिढ्या सबुरीनं लिहिलेलं कसं नाकारायचं?”

म्हातारा आपल्याच ओळी वाचत राहिला. त्याच्याविरुद्धचा साक्षीदार तोच होता.

तरुण पागनिसाला मात्र त्याची दया आली. त्याने त्याला पागेच्या पडवीत राहू दिले, भाकरी दिली. म्हातारा तिथेच बसून राहिला. जायचे तर कुठे? घरी वाट बघणारे कोणी नव्हते.

चैत्रात पहिली घोडी व्याली, शिंगरू धडधाकट निघाले, आणि लोकांनी म्हाताऱ्याकडे बघून हसून घेतले. दुसरीचे चांगले निघाले. तिसरीच्या वेळी पागेतला गलका एकाएकी थांबला. बऱ्याच वेळाने तरुण पागनीस बाहेर आला. त्याचे हात रक्ताने माखले होते.

“आजोबा, पुढचे पाय... तुमच्याकडंही असंच?”

“असंच. आता आत जा आणि लिही. जसं झालं तसं लिही. पोरा, तुझ्या हातात आहे अजून.”

तरुण खाली मान घालून उभा राहिला. “मी नवा आहे. पहिल्याच साली असं कसं लिहू? राजेसाहेब काय म्हणतील? या खेपेपुरतं राहू द्या. पुढच्या खेपेला नक्की लिहीन.”

म्हाताऱ्याने त्याला आणखी काही सांगितले नाही. शिव्या द्याव्यात, हात धरावा, पाया पडावे, यातले काहीही करून उपयोग नाही, हे त्याला त्या पोराच्या डोळ्यांत दिसले. ही डोळ्यांतली लाज त्याच्या ओळखीची होती. त्याने तोंड भिंतीकडे केले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यासारखे त्यात काही नाही. दोन्ही राजे एकाच रक्ताला तेच रक्त घालत गेले. आधी चारातले एक जाई, मग दोन जाऊ लागली. विजेते निघत होते तोवर कोणी मोजले नाही. मग विजेते निघेनात, आणि मोजायला घोड्या उरल्या नाहीत. दूरदेशीचे घोडे आणावेत असे दोन्ही राजांना एकदमच सुचले, पण ते वरातीमागून घोडे होते; पागा चालवणारे हात तोवर पांगले होते आणि घोड्यांची नस ओळखणारी गोजाई कधीच गेली होती. एका दसऱ्याला लोक नेहमीप्रमाणे माळावर जमले आणि अलीकडून घोडा आला नाही, पलीकडूनही आला नाही. लोक थोडा वेळ उभे राहिले आणि घरी गेले. म्हातारा पागनीस तोपर्यंत जिवंत होता, आणि हे त्याला बघावे लागले.

ऐकणाऱ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: जो आपल्या कुळाचे यश तेवढे लिहितो आणि दुःख झाकतो, तो पुढच्यांना वंश देत नाही, वंशाचा अंत देतो.